गढीचं गढीला

मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात आमच्या गल्लीतल्या गच्च्यांवर माणसं चढतात. जळगावच्या या वस्तीत आता बहुतेक घरं स्लॅबची. कुणी भेगांमध्ये सिमेंटचं पाणी ओततं, कुणी डांबराचा पातळ थर देतं. खालून जाताना तापल्या डांबराचा वास येतो आणि खाली उभा असलेला घरमालक वर बघून एकच प्रश्न विचारतो, "कोपऱ्यात टाकलं का?" पाणी कोपऱ्यातून शिरतं, हे खानदेशात कुणाला शिकवावं लागत नाही.

तो प्रश्न ऐकला की मला खारी आठवते. खारीला वास नसतो. वैशाखातल्या वाऱ्यावर ती उडते, नाकातोंडात जाते आणि जिभेच्या टोकावर किंचित खारट लागते. एका उन्हाळ्यात ती चव माझ्या तोंडात पंधरा दिवस होती. पुढे बरीच वर्षं होती, असं म्हटलं तर ते वाढवून सांगितल्यासारखं होईल. पण फार वाढवून नाही.

ज्यांनी धाब्याची घरं पाहिली नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. धाबं म्हणजे मातीचं सपाट छप्पर. जाड लाकडी सरे, त्यांवर कड्या, कड्यांवर काटक्या किंवा कपाशीच्या पऱ्हाट्या, त्यांवर निंबाचा पाला आणि सगळ्यांवर वीतभर माती. अगदी वरचा थर खारीचा. खारी म्हणजे जुन्या वस्तीची पांढुरकी माती. ओली झाली की ती घट्ट बसते आणि पाणी खाली जाऊ देत नाही. पण दर पावसाळ्यात थोडी वाहून जाते, दर उन्हाळ्यात थोडी उडून जाते. म्हणून आखाजीपासून, म्हणजे अक्षय्य तृतीयेपासून, मृगापर्यंत धाब्यांवर नवी खारी पडायची. ती कुठून आणायची, हा प्रश्न ज्या गावाला पडकी गढी होती त्या गावाला पडत नसे.

ज्या गावाबद्दल लिहितो आहे त्याचं नाव देत नाही. एकदा दिलं होतं.

गाव पाचोऱ्याहून एसटीनं तासाभरावर, गिरणेच्या काठी. मी तेव्हा जळगावच्या एका दैनिकात बातमीदार होतो. ऐंशीचं दशक अर्धं सरलं होतं. उन्हाळ्यात बातम्या आटतात. संपादकांनी जिल्ह्यातल्या विसरलेल्या किल्ल्यांवर लिहायला सांगितलं. एसटीतून उतरलो तेव्हा सकाळचे नऊ वाजले होते आणि थांब्यावरच्या पाणपोईचं पाणी एवढ्यातच गरम लागत होतं. नदीच्या कोरड्या पात्रात टरबुजांच्या वाड्या. त्यांच्या पलीकडे गढी.

ज्यांनी डोंगरी किल्ले पाहिले आहेत त्यांना ती टेकाड वाटली असती. चार बाजूंना मातीची रुंद भिंत, चार कोपऱ्यांवर बुरूज. त्यांतले तीन ढासळून भिंतीत मिसळलेले, पूर्वेचा तेवढा पुरुषभर उंच उरलेला. दगडी काम फक्त उत्तरेच्या दरवाज्याला. कमान शाबूत होती, दारं नव्हती. आत बाभळी, निवडुंग आणि शेळ्या. तिचा इतिहास एका परिच्छेदात संपत होता. जुन्या सरकारी दफ्तरात एक ओळ: गावात मातीची पडकी गढी आहे. गावाकडे तीन गोष्टी होत्या. कुणी म्हणे गवळी राजानं बांधली, कुणी म्हणे थाळनेरकडून आलेल्या एका सरदारानं, कुणी म्हणे भुतांनी. तिन्ही गोष्टी सांगणारे एकाच पारावर बसत आणि एकमेकांना खोडून काढत नसत.

चौथी गोष्ट दगडावर होती. दरवाज्याच्या आतल्या बाजूला, छातीच्या उंचीवर, पाट्याएवढा एक दगड बसवलेला, पूर्वी कधीतरी पूर्वेच्या बुरुजाखालून आणून. मधोमध तुटलेला. डावा अर्धा भाग होता, उजवा नव्हता. चार ओळींच्या सुरुवाती उरल्या होत्या. पहिल्या ओळीत "स्वस्ति श्री". दुसरीत "पूर्वेचा बुरुज". तिसरीत "घरटी", म्हणजे दर घरामागे. चौथीत "समस्त". पुढे प्रत्येक ओळ दगडाच्या कडेवर येऊन थांबत होती.

"कुणाचं तरी नाव आहे पुढच्या अर्ध्यात," नाना म्हणाले. "एवढा बुरूज बांधला, घरटी पट्टी बसवली, तर कुणी बसवली ते लिहिणारच ना."

नाना गावच्या शाळेतून निवृत्त झालेले गुरुजी. काळी छत्री, पांढरी टोपी, चष्म्याच्या एका काडीला दोरा. वैशाखातले सगळे दिवस ते पूर्वेच्या बुरुजापाशी छत्री उघडून बसत. समोर बाया-माणसं कुदळीनं माती पाडत, पाट्या भरत, गाड्यांत टाकत. नाना पडणाऱ्या प्रत्येक ढेकळाकडे बघत. दगडाचा उरलेला अर्धा भाग याच बुरुजावरून पडून मातीत गेला असणार, असा त्यांचा हिशेब. नोकरीला लागल्यापासून ते त्याची वाट बघत होते. बुरूज दर वर्षी थोडा कमी होत होता. नानांची नजरही.

"खणू देता तुम्ही?" मी विचारलं. "गढी संपेल की."

"खणल्याशिवाय दगड निघायचा कसा? आणि खणू नका म्हणून सांगू कुणाला? माझं धाबं याच मातीचं आहे."

खणण्याची रीत होती. वरची गल्ली पश्चिमेच्या भिंतीतून माती घेई, मधली गल्ली दक्षिणेच्या, नदीगल्ली पूर्वेच्या बुरुजातून. दुसऱ्याच्या वाट्यात कुदळ मारली की भांडण ठरलेलं. असं का, ते कुणाला माहीत नव्हतं. नानांनी लहानपणी आजोबांना विचारलं होतं. आजोबांनाही माहीत नव्हतं. दुसरी रीत अशी की घरची पहिली पाटी आखाजीला माहेरी आलेल्या लेकीनं उचलायची. लेक आली नाही तर त्या घराचं खणणं थांबे.

तिसरी रीत दरवाज्यातल्या कोनाड्याची. मातीतून जे काही निघेल ते घरी न्यायचं नाही. मणी, काचेच्या बांगड्यांचे तुकडे, गोफणीचे गोटे, मातीचा बैल, क्वचित तांब्याचं नाणं. सगळं त्या कोनाड्यात ठेवायचं. गढीचं गढीला. घरात ठेवलं तर धाबं गळतं, अशी समजूत. रविवारी नाना कोनाडा रिकामा करत, कोणती वस्तू कोणत्या गल्लीच्या वाट्यातून आणि किती खोलीवरून आली ते वहीत लिहीत आणि बिस्किटांच्या रिकाम्या डब्यांत भरून ओसरीवर ठेवत. वस्तू आणणारा स्वतःहून सांगे, "नाना, कमरेइतका खाली होता." कुठल्याही खात्याला अशी माणसं मिळाली नसती. हे मला आज कळतं. तेव्हा मी कोनाड्यासमोर उभा राहून वस्तू मोजल्या आणि आकडा लिहून घेतला.

नदीगल्लीतली एक बाई त्या सकाळी कुदळ न घेता नुसतीच बसली होती. सगळं गाव तिला अक्का म्हणे. नवरा बऱ्याच वर्षांपूर्वी गेला होता. नानांच्या शेजारचं घर तिचं.

"पेपरवाला भाऊ शे का तू?" तिनं विचारलं.

हो म्हटलं.

"मंग लिख. अक्कानी पोर अजून उनी नही, म्हनीसन अक्कानं धाबं उघडं शे."

"मुलगी सावद्याला दिली," नाना म्हणाले. "केळीच्या घरात. त्यांना आखाजीला फुरसत नसते. हिचं धाबं दर वर्षी शेवटी होतं."

"केळीले पानी लागस," अक्का म्हणाली, "मंग पोरले माय लागत नही का?"

बसलेल्या बाया हसल्या. नानांनी छत्री दुसऱ्या हातात घेतली.

"कोनाड्यात काही ठेवलंस का या वर्षी?"

"खनाशिवाय काय ठेवू? मन्हा दात ठेवू का? एक शे हलत."

तिनं मला घरी नेऊन चहा पाजला. धाब्यावर चढून खारीचा उरलेला थर दाखवला. बोट घातलं तर नखापर्यंतच जाई. वरून सगळं गाव दिसत होतं: शेकडो सपाट छपरं, निम्म्यांवर नवी पांढरी खारी, निम्म्यांवर जुनी करडी. आणि त्यांच्या टोकाला गढी, तेवढीच पांढरी. गढी गावावर पसरली आहे, असं मी वहीत लिहिलं. वाक्य चांगलं होतं. बातमीत ते बदललं.

बातमी लिहिताना एक नियम पाळायचा असतो. महत्त्वाचं वर, कमी महत्त्वाचं खाली. कारण पानावर जागा कमी पडली तर पान लावणारा बातमी खालून कापतो. ती वाचायला त्याला वेळ नसतो. मी वर लिहिलं की मध्ययुगीन गढी गावकरी दर वर्षी खणून नेत आहेत, चारपैकी तीन बुरूज गेले आहेत, चौथा जात आहे. मध्ये लिहिलं की गावाकडून घरटी पट्टी घेऊन कुणा अज्ञात सरदारानं ती बांधली असावी. गल्ल्यांचे वाटे, लेकीची पाटी, कोनाडा आणि नानांची वही हे सगळं शेवटच्या परिच्छेदात गेलं. संध्याकाळी कपाशीच्या बियाण्याची एक जाहिरात आली. शेवटचा परिच्छेद गेला. मथळा माझाच होता: "गावानेच खाल्ली गढी".

बातमीत चूक एकही नव्हती. लोकांनी वाचली, वरच्या कचेरीतही वाचली गेली. आठवड्याभरात गावात जीप आली, पंचनामा झाला, गढीची माती नेण्यास मनाई झाली आणि कोतवालाला दरवाज्यात बसवलं गेलं. आलेली माणसं सभ्य होती. त्यांनी बातमीत होतं ते पाहिलं आणि नियमात होतं ते केलं. चार दिवसांनी पुन्हा येऊन, नानांच्या ओसरीवरच्या डब्यांची यादी करून, पोच देऊन ते डबे घेऊन गेले. वही नेली नाही, कारण ती गढीतून निघालेली नव्हती.

निम्म्या गावाची धाबी तोवर झाली होती. निम्म्याची राहिली होती.

यापुढचं मला त्या वर्षी माहीत नव्हतं. भादव्यात दुसऱ्याच कामानं पाचोऱ्याला गेलो होतो, तिथून वाट वाकडी करून गावात गेलो. गढी हिरवी झाली होती. कोनाड्यात एक सुकलेलं झेंडूचं फूल होतं, बाकी काही नाही.

नाना ओसरीवर होते. त्यांनी पाणी दिलं. बराच वेळ पावसावर बोलले. मग म्हणाले, "तुमची बातमी मी तीन वेळा वाचली. एक अक्षर खोटं नाही."

मी पाण्याचा तांब्या खाली ठेवला.

"खाली अजून काही लिहिलं होतं का हो?"

"होतं. जागा नव्हती."

"मला वाटलंच. तुम्ही कोनाड्याजवळ बराच वेळ उभे होता."

मग त्यांनी सांगितलं. मनाई झाली म्हणून धाबी गळायची थांबत नाहीत. लोकांनी माती नेलीच. कोतवालाचा भर दुपारी निंबाखाली डोळा लागे, तेव्हा. ज्या उन्हात जनावरसुद्धा सावली सोडत नाही त्या उन्हात. घाईत, जिथे सापडेल तिथून, वाटा न बघता. आणि जे निघालं ते गिरणेच्या डोहात टाकलं. पूर्वी मणी सापडला की तो कोनाड्यात ठेवणारा माणूस चांगला ठरे. आता मणी हा पुरावा होता.

"दगड निघाला असेल तर तोही डोहात," नाना म्हणाले. आवाज नेहमीचाच होता. वर्गात हजेरी घेतात तसा.

अक्काच्या घरात पाच ठिकाणी भांडी लावलेली होती. प्रत्येक भांड्याचा आवाज वेगळा. कणगीतल्या ज्वारीला मोड आले होते. मूठभर काढून तिनं मला दाखवली, जशी एखादी नवी जात दाखवावी. तिनंही दुपारच्या उन्हात पाट्या आणल्या होत्या, वर गोवऱ्या रचून. तीन दिवस. लेकीची वाट न बघता, स्वतः. चौथ्या दिवशी गेली नाही. का गेली नाही, ते मी विचारलं नाही. मी बाहेरच्या पायरीवर बसून चहा घेतला. पायरी नवी दिसत होती, एकसंध दगडाची. त्याबद्दलही विचारलं नाही. बातमीदाराला प्रश्न विचारण्याचा पगार मिळतो. त्या दिवशी मी सुट्टीवर असल्यासारखा वागलो.

तेवढ्यात शेजारून नाना आले आणि सवयीनं माझ्या शेजारी, त्याच पायरीवर टेकले. अक्काच्या हातात कपबशी होती. चहा बशीत सांडला. तिनं तो बशीतून परत कपात ओतला आणि नानांना दिला.

मधली वर्षं मी धुळ्यात होतो. लळिंगच्या पायथ्याहून जाणाऱ्या रस्त्यावरून कितीदा गेलो. वर किल्ला दिसे, मी मान वळवून बघे आणि गाडी पुढे जाई. किल्ल्यांवर पुन्हा लिहिलं नाही. वैशाख येई. धुळ्यातही तेव्हा जुन्या भागात धाबी होती, लोक गाढवांवरून माती आणत. ती कुठून आणता, असं मी कुणालाही विचारलं नाही.

मग पोस्टकार्ड आलं. अक्षर नानांचं नव्हतं, कुणाकडून तरी लिहवून घेतलेलं. मजकूर एवढाच: "दगड सापडला आहे. वाचायला या. येताना डोळे आणा."

नव्वदचं दशक लागलं होतं. आखाजी होऊन गेली होती. एसटी तीच, पाणपोई तीच. गावात निम्म्या धाब्यांवर आता पत्रे चमकत होते. नानांच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन फसलं होतं आणि दुसऱ्यात धुकं होतं. ते अक्काच्या दारात खाटेवर बसले होते. पायरीच्या जागी खड्डा होता. दगड बाजूला, उताणा, गोणपाटावर. त्यावर अक्षरं होती.

काय घडलं ते दोघांनी मिळून, एकमेकांना तोडत सांगितलं.

मनाईच्या त्या वर्षी, तिसऱ्या दुपारी, अक्काची कुदळ दगडावर वाजली होती. अक्षरं तिला वाचता येत नव्हती, पण ती कशाची हे कळलं. दगड तिनं पाटीत घातला, वर माती, वर गोवऱ्या. नानांना द्यायचा म्हणून गल्लीत शिरली तर नानांच्या ओसरीवर जीपची माणसं डब्यांची यादी करत होती.

"माले वाटनं, माले बी लिखी लेतीन," अक्का म्हणाली. "मंग मी आनीसन दारमा उपडा टाकी दिना."

"अक्षरं खाली," नाना म्हणाले.

"मंग काय वर ठेवू? तू वाची लेता ना."

"वाचलंच असतं."

"मंग धाबं गळनं. माले वाटे, गढीनं घरमा ठेवं म्हनीसन गळस. पन सांगू कसं? नाना रोज सांजले ये, त्यावरच बसे आनि म्हने, अक्का, तो दगड डोहमा गया व्हई."

"सहा वर्षं," नाना मला म्हणाले. "सहा वर्षं मी त्याच्यावर बसून चहा प्यालो."

"मागला बुधवारले म्हने, आते दगड निंघना तरी माले काय दिसी. मंग मी सांगं, ऊठ नाना. तू त्यावरच बसेल शे."

"राग आला का?" मी नानांना विचारलं.

"आला ना. दोन दिवस हिच्याकडे चहा घेतला नाही. तिसऱ्या दिवशी डोकं दुखायला लागलं."

दगड उलटल्यावर नानांनी त्यावरून बोटं फिरवली होती. काही अक्षरं लागली होती. पण गावातल्या कुणाकडून त्यांनी तो वाचून घेतला नव्हता. शाळेत तीन मास्तर होते, ते येतो म्हणाले होते. नानांनी नको म्हटलं.

"ते माझ्यासाठी नाव काढतील," ते म्हणाले. "मला बरं वाटावं म्हणून. माझ्या बोटांनासुद्धा नाव लागायला लागलं होतं. तुम्ही दिसतं तेवढंच वाचाल. तुमची ती खोड मला माहीत आहे."

कुणी माझ्याबद्दल असं चांगलं बोललं की मी सावध होतो. त्या दिवशी झालो नाही.

अक्कानं दगड धुतला, चुलीतली राख घेऊन अक्षरांत भरली आणि वरून ओल्या फडक्यानं पुसला. अक्षरं करड्या दगडावर पांढरी उठली. मी गुडघ्यांवर बसलो. नाना खाटेवर ताठ बसले, वर्गात बसवतात तसे. डावी बाजू त्यांना पाठ होती.

"स्वस्ति श्री," ते म्हणाले.

"पुढे झिजलं आहे. काही लागत नाही."

"साल असणार. जाऊ द्या. पूर्वेचा बुरुज."

"पाण्याने पडिला."

"पडिला? बांधिला नाही?"

"पडिला."

"घरटी."

"माती घातली."

आता ते हळू बोलू लागले. "समस्त."

"गावकरी बांधिला."

"पुढे?"

"पुढे नाही. ओळ संपली."

"खाली बघा."

"खाली कोरा दगड आहे."

"नाव?"

"नाव नाही, नाना."

मी कडेनं, मागून, दोन्ही बाजूंनी पाहिलं. अक्कानं पुन्हा राख भरली, मी पुन्हा वाचलं. नाव नव्हतं. ज्या नावासाठी एका माणसानं सगळे उन्हाळे मातीत बसून काढले ते कधी कोरलंच गेलं नव्हतं. मला त्यांच्याकडे बघवेना. मी दगडाकडे बघत राहिलो.

"म्हंजे काय लिखेल शे?" अक्कानं विचारलं.

नानांनी तिला तिच्या बोलीत सांगितलं. "पुरबना बुरूज पानीमा पडना. मंग घरोघरनी माटी आनी. बठ्ठा गावनी तो बांधा."

"कोनी माटी? आपली?"

"आपलीच."

अक्कानं फडकं पिळलं. वळचणीला वाळत टाकलं. मग वळून म्हणाली, "मंग चोरी कशानी, नाना?"

तिनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. तेच जड गेलं. नाना हसायला लागले. आधी थोडं, मग खोकला येईपर्यंत. "चाळीस वर्षं राजा शोधत होतो," ते म्हणाले, "आणि निघाली नदीगल्ली."

गल्ल्यांचे वाटे तिथून आले असतील का? ज्या गल्लीनं जी बाजू बांधली ती बाजू तिची राहिली आणि बांधल्याचं विसरून फक्त वाटा आठवत राहिला? हे सिद्ध करता येणार नाही. डब्यांतल्या वस्तू, वहीतल्या खोलीच्या नोंदी आणि डोहात गेलेलं सगळं एकत्र असतं तर कदाचित काही म्हणता आलं असतं. नानांना मी हे बोलून दाखवलं. ते म्हणाले, "तुम्ही लिहू नका. पण मी मानतो."

दगड कोनाड्याशेजारी, त्याच्या अर्ध्याला लावून बसवायचं ठरलं. सावद्याहून अक्काची लेक आलेली होती, तीन लेकरांची आई, केळीच्या चिकानं बोटं काळी झालेली. दगड तिनं उचलला, डोक्यावर चुंबळ ठेवून. गाडीत टाकू म्हणून कुणी सुचवलं तर अक्का म्हणाली, पहिली पाटी पोरच लेस. दोन्ही अर्ध्यांमध्ये बोटभर फट राहिली, कारण मधला चुरा कुणाच्या तरी धाब्यावर गेला होता.

मी बातमी लिहिली. या वेळी सगळं वर लिहिलं. आतल्या पानावर चार ओळी आल्या. नाव नसलेल्या दगडाला तेवढीच जागा मिळते. मनाई कागदावर तशीच राहिली. पुढे ती मोडायचीही कुणाला गरज उरली नाही. पत्रे आले, मग स्लॅब आले. नाना दोन वर्षांनी श्रावणात गेले. अक्कानं पत्र पाठवलं, लेकीकडून लिहवून. त्यात शेवटी होतं की सांजेला चहा एक कपच टाकते, पण भांडं मोठंच घेते.

गेल्या वैशाखात पुन्हा गेलो. डांबराचा वास आला होता.

अक्काचं घर उतरवत होते. लेकीच्या मुलानं स्लॅब टाकायचं काढलं होतं. सरे, कड्या, पऱ्हाट्यांचा चुरा, आणि अंगणात खारीचा ढीग. एका पिढीनं दुसऱ्या पिढीवर टाकलेले थर. फावड्यानं कापलं की पोळीच्या पापुद्र्यांसारखे दिसत. ट्रॅक्टरवाला ती माती नदीकडच्या खड्ड्यात टाकायला निघाला होता. अक्का आता कमरेत वाकली आहे, काठी घेऊन चालते. ती ट्रॅक्टरच्या आडवी उभी होती.

"तथा नही," ती म्हणाली. "गढीनं गढीले."

"अक्का, माटी शे ती," ट्रॅक्टरवाला म्हणाला. "माटीले काय करनं?"

"माटीच शे. म्हनीसन सांगस."

तो गेला. पूर्वेच्या बुरुजावर माती ओतून आला. अकरा खेपा झाल्या. ढिगातून काही मणी निघाले, ते लेकीनं कोनाड्यात ठेवले. संध्याकाळी मी सगळी गढी फिरून पाहिली आणि तेव्हा लक्षात आलं की अक्का पहिली नव्हती. पश्चिमेच्या भिंतीवर ताजे ढीग होते, वरच्या गल्लीत गेल्या वर्षी उतरवलेल्या घरांचे. दक्षिणेला मधल्या गल्लीचे. कुणी ठराव केला नव्हता. कुणी एकमेकांना विचारलंही नव्हतं. मी सात घरी विचारून खात्री केली. उतरवलेलं धाबं कुठेतरी टाकायचंच असतं, आणि ज्याची माती त्याच्या वाट्यात टाकली तर भांडण होत नाही.

मनाईच्या वर्षी पूर्वेचा बुरूज पुरुषभर होता. नाना गेले तेव्हा कमरेइतका. आता तो माझ्या छातीला लागतो.

पान लावणाऱ्याला विनंती: जागा कमी पडली तर हा लेख वरून कापावा.